मंडई, जमिनीखालून

आईचं मंडईत जाणं एकदम नाही सुटलं. आधी पंधरवड्याचा महिना झाला, मग नुसते सण उरले, मग गौरी-गणपतीची पत्री आणि केवडा आणायलाही मीच जायला लागले. बसची पायरी उंच, गुडघे धरलेले, आणि रिक्षावाले पेठेचं नाव काढलं की मान हलवणार. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की आई मंडईबद्दल भूतकाळात बोलायला लागली आहे. "आमच्या मंडईत चाकवत असायचा," असं. चिंचवडहून पुण्याची मंडई म्हणजे काही परमुलुख नव्हे. पण तिच्यापुरता तो परमुलुख झाला होता.

तिचं माहेर शुक्रवार पेठेत, काळ्या हौदाच्या अंगाला, एका वाड्यात. लग्न होऊनही ती दोन गल्ल्या पलीकडेच आली. चाळीस-पन्नास वर्षं तिचं सगळं जग पायी फिरण्याएवढं होतं. सकाळी मंडई, दुपारी तुळशीबाग, संध्याकाळी बेलबागेतलं दर्शन. मग आमचा वाडा बिल्डरकडे गेला आणि आम्ही चिंचवडला आलो. पेठांमधल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. कोणी कोथरूडला गेलं, कोणी धायरीला, कोणी आमच्यासारखं नदीपार. वाडे गेले, नवीन इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्यांना त्या गल्ल्या अंधारातही पाठ होत्या, ती माणसं शहराच्या कडेला जाऊन बसली.

पुण्याची मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला. आमच्या बाजूने तेव्हा ती पिंपरीहून फुगेवाडीपर्यंतच जायची. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती सिव्हिल कोर्टापर्यंत पोहोचली. तिथून स्वारगेटपर्यंतचा टप्पा, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तीन स्थानकं, याला मात्र वाट पाहावी लागली. २६ सप्टेंबर २०२४ ला उद्घाटन ठरलं होतं, ते पावसाने हुकलं, आणि तीन दिवसांनी, २९ तारखेला ते पार पडलं. बातमी टीव्हीवर चालू होती. नकाशावरच्या जांभळ्या रेषेच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवून आई म्हणाली, "मंडई असं लिहिलंय ना गं तिथे?"

लिहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. तिने मुद्दाम जुनी कापडी पिशवी काढली होती, शिवणीला दोनदा टाके घातलेली. पिंपरीपासून गाडी उंचावरून जाते. कासारवाडी, दापोडी, बोपोडी, सगळं गच्चीवरून पाहिल्यासारखं खाली दिसत राहतं. आई खिडकीशी बसून वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, रेल्वेचे रूळ बघत होती. शिवाजीनगरच्या अलीकडे, कृषी महाविद्यालयाच्या आवाराशी, गाडी उताराला लागते आणि जमिनीत शिरते. काच काळी झाली तशी तिने माझं मनगट धरलं. बोलली काही नाही.

इथून स्वारगेटपर्यंत साधारण सहा किलोमीटर सगळं जमिनीखाली आहे. बोगदा खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नदीची नावं दिली होती, आणि त्यांनी खरोखरच मुठेच्या पात्राखालून वाट काढली. वर गच्च वस्ती, शेदीडशे वर्षांच्या लाकूडमातीच्या भिंती, खाली आपला काळा कातळ. काम चालू होतं तेव्हा पेठेतल्या नातेवाइकांकडे गेलं की तोच विषय असायचा. भिंतीला गेलेली चीर जुनी की नवी, हे लोक रोज बोट लावून बघायचे. कसब्यात तर स्थानकाच्या जागेसाठी घरंच पाडावी लागली, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबं हलली. आज आपण मिनिटा-दोन मिनिटांत त्यांच्या अंगणाखालून जातो. मी कसब्याला उतरले की हे आठवतं आणि ते आठवावंच असं मला वाटतं.

मंडई आलं. फलाटावर उतरल्यावर आई थोडी थबकली. एवढी स्वच्छता, एवढा उजेड, आणि वास कसलाच नाही. "ही मंडई?" ती म्हणाली. तिच्या डोक्यातली मंडई नाकाने ओळखायची होती. लिफ्ट होती, पण तिला सरकत्या जिन्यानेच जायचं होतं. पहिल्या पायरीशी ती उभी राहिली. पायऱ्या एकामागून एक जमिनीतून निघत होत्या आणि तिला पाऊल टाकायची वेळ सापडत नव्हती. एकदा उजवा पाय पुढे केला, मागे घेतला. मागे माणसं खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही. तिथली गणवेशातली एक मुलगी आली, तिने आईच्या कोपराखाली हात घातला आणि म्हणाली, "आजी, पायरीकडे बघू नका, समोर बघा. चला, एक, दोन..." आई चढली. साडीच्या निऱ्या एका हाताने वर धरलेल्या, दुसरा हात काळ्या रबरी कठड्यावर. वर पोहोचेपर्यंत तिने श्वास धरला असावा.

आणि मग वास आला. आधी अगदी पुसट, मग शेवटच्या पायऱ्यांवर एकदम अंगावर. ओली कोथिंबीर, गोणपाट, देठं सडत पडल्याचा गोडसर दर्प, कुठल्यातरी गाळ्यातली उदबत्ती. आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला तिचा चेहरा पाहायचा होता, पण ती माझ्या पुढे निघून गेली होती.

समोर मंडईचा मनोरा. अष्टकोनी, दगडी, टोकदार, आणि त्याच्या पोटातून निघालेली कौलारू दालनं. लहानपणापासून बघूनही मी तो नीट पाहिला नव्हता, कारण रस्त्याने यायचं म्हणजे गाड्या चुकवत, पर्स सांभाळत, मान खाली घालून यायचं. जमिनीतून वर आलं की तुमची मान आपोआप वर असते. मनोरा पायापासून टोकापर्यंत एका नजरेत येतो. ही इमारत उभी राहिली १८८६ मध्ये. त्याआधी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावर विकली जायची. तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे, त्याच्या नावाने ते झालं रे मार्केट.

आता हिचं नाव महात्मा फुले मंडई आहे, आणि या नावाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बाजाराच्या या भव्य इमारतीवर पैसा घालायला त्यांचा विरोध होता. आधी मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. माळ्याच्या घरात जन्मलेला, फुला-भाज्यांचा व्यवहार लहानपणापासून पाहिलेला माणूस भाजीबाजाराच्या इमारतीला नाही म्हणतो आणि शाळा मागतो. इमारत तर झाली. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत होते, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला जोतीरावांचं नाव मिळालं. विरोध करणाऱ्याचंच नाव दिलं म्हणून काही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याने शहराला पैसा कुठे घालायचा हे विचारलं, त्याचं नाव शहराने रोज भाजी आणायला जाताना घ्यावं, यात मोठा न्याय आहे. बोलताना सगळे नुसतं "मंडई" म्हणतात, मीही म्हणते. पण माझ्या मुलाला मी पूर्ण नाव घ्यायला शिकवलं आहे.

आई मात्र मनोऱ्याकडे बघतही नव्हती. ती बाहेर, रस्त्याच्या कडेला पोतं टाकून बसलेल्या बायकांकडे चालली होती. एकीसमोर चाकवताच्या जुड्या होत्या. आई खाली बसली. हो, बसली, गुडघ्यांचं दुखणं विसरून, उकिडवी. जुडी उचलली, देठाकडून उलटी धरली, एक पान मागून पुढून पाहिलं, नखाने देठ मोडला. कट्‌ असा आवाज आला. "सकाळचाच आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली. विकणारी बाई हसली. "आजी, मोडून बघणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही." मग दोघींची घासाघीस झाली, दोन्ही बाजूंनी अगदी मनापासून. शेवटी बाईने भाव तोच ठेवला आणि वरून चुक्याची अर्धी जुडी घातली. चाकवतात चुका लागतोच. मूठभर हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, ताक, वरून लसणीची फोडणी. आईला हे सांगायला लागलं नाही, त्या बाईलाही नाही.

आत दालनात तराजू बदललेत. पितळी पारडी आणि काळी लोखंडी मापं जाऊन आकडे दाखवणारे काटे आले. काही गाळे तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे आहेत. आईने एका गाळ्याशी जाऊन विचारलं, "इथे पूर्वी एक काका बसायचे, लिंबं आणि आलं घेऊन?" पलीकडचा तरुण म्हणाला, "माझे आजोबा." पुढे दोघांपैकी कोणाला काय बोलावं ते सुचेना. त्याने दोन लिंबं काढून तिच्या हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत.

पुणेकर मंडईला मंडई विद्यापीठ म्हणतात. इथे भाजीबरोबर शहराचं राजकारण निवडून, चिरून, शिजवलं जायचं. निवडणुकीत कोण पडणार हे मंडईत आधी कळतं, असं माझे वडील सांगायचे. जवळच लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, २२ जुलै १९२४ ला मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. अनंत चतुर्दशीला मानाचा पहिला कसबा गणपती इथे येतो आणि इथूनच विसर्जनाची मिरवणूक निघते. तिथून थोड्या अंतरावर अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन. आईने लांबूनच हात जोडले. गर्दीत तिला शिरवत नव्हतं.

तुळशीबाग हा तिचा हट्ट. मंडईतून रस्ता ओलांडून आत शिरलं की दोन्ही बाजूंनी बांगड्या, पिना, पोळपाट-लाटणी, भातुकलीची पितळी भांडी. या सगळ्या गजबजाटाच्या आत राममंदिर आहे, हे नव्या लोकांना कित्येकदा ठाऊकच नसतं. नारो आप्पाजी खिरे, पुढे तुळशीबागवाले म्हणून ओळखले गेले, त्यांनी १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतच्याच साली, या मंदिराचं काम सुरू केलं. पूर्ण व्हायला तीस-पस्तीस वर्षं गेली. एका वेशीतून आत गेलं की बाहेरचा आवाज अर्ध्यावर येतो. लाकडी सभामंडप, आणि वर बघितलं की चुन्यातल्या मूर्तींनी भरलेलं उंच शिखर. आई मंडपात खांबाला टेकून बसली आणि डोळे मिटले. मी तिच्या शेजारी चाकवताची पिशवी मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ आम्ही तशाच होतो.

तिथे तिने मला पाण्याची गोष्ट सांगितली. ऐकलेली होती, पण इतकी नीट कधी नाही. तिचे वडील, माझे आजोबा, वाड्याच्या हौदाशी तिला घेऊन जायचे आणि म्हणायचे, "पोरी, आपल्या पायाखालून कात्रज चाललंय." आणि ते खरंच होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडविटांचा नळ आणला होता, ठिकठिकाणी माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा. मधे मधे हवा खेळण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी उच्छ्वास. हे पाणी पेठांमधून हौदांत पडत शनिवारवाड्यापर्यंत जायचं. काळा हौद त्याच पाण्यावर. उंचावरून आलेलं पाणी उताराने आपलं आपण वाहायचं, मोट लागत नव्हती की माणूस. मला उच्छ्वास हा शब्द फार आवडतो. पाण्यालासुद्धा वाटेत श्वास टाकायला जागा हवी, हे ज्या कारागिरांना सुचलं त्यांच्याच गावात आपण राहतो. मंडईच्या स्थानकाचं खोदकाम चालू असताना खोलात एका मोठ्या जनावराची हाडं सापडल्याची बातमी आली होती, हत्तीची असावीत अशी चर्चा होती, तेव्हा आई दोन दिवस त्याच विचारात होती. "खाली काय काय आहे गं आपल्या," एवढंच म्हणत होती.

मी तिला म्हटलं, हौदाचीच एक गोष्ट पुढे गंज पेठेत झाली. तिथे जोतीरावांचं घर. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. आई म्हणाली, "ते घर मी पाहिलंय. आत हौद आहे, विहीर आहे. तुझ्या आजोबांनी नेलं होतं." मंडईपासून ते घर पायी जाण्याइतकं जवळ आहे. तिला त्या दिवशी ते झेपलं नसतं. पुढच्या वेळी, असं ठरलं.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगते, कारण त्या गोष्टीचा मला खरोखर त्रास झाला. स्थानकाच्या पोटात सगळं आखीव आहे. आंधळ्या माणसाच्या काठीसाठी उठावाच्या फरशा आहेत, चाकाच्या खुर्चीला उतरण आहे, लिफ्ट आहे. वर दाराबाहेर पाऊल टाकलं, की पदपथ कुठे आहे ते शोधावं लागतं. असलाच तर त्याच्यावर दुचाक्या लावलेल्या. आईला मी रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या आरशांना हात लावून बाजूला करत नेलं. तीनशे पावलांचं अंतर, आणि त्या तीनशे पावलांत मला तीन वेळा भीती वाटली. पेठ ही पायांनी बांधलेली वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांची रुंदी माणसाच्या, फार तर पालखीच्या मापाची. आपण तिथे गाड्या घुसवल्या, आणि मग गाड्यांना जागा पाहिजे म्हणून माणसांच्या जागा दिल्या. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा अशी दोन थिएटरं होती. आईने तिथे मैत्रिणींबरोबर, नंतर माझ्या वडिलांबरोबर सिनेमे पाहिले. दोन्ही गेली, तिथे वाहनतळ झाले. जिथे माणसं यायची तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या.

म्हणून मला हे स्थानक इतकं जिव्हाळ्याचं वाटतं. ते तुम्हाला गाडीशिवाय, दोन पायांवर, मंडईच्या मध्यात आणून उभं करतं. हजारो माणसं रोज अशी वर येतात आणि एकाच्याही हातात हेल्मेट नसतं. आता वरच्या तीनशे पावलांचं काय करायचं ते ज्यांचं काम आहे त्यांनी करावं, लवकर करावं. एक मोकळा, सपाट, सावलीचा रस्ता, मंडईपासून तुळशीबागेपर्यंत, एवढंच. अठराशे कोटींच्या टप्प्याला शोभेल असा. भुयार खोदण्यापेक्षा हे काम खचितच सोपं आहे.

परत निघालो तेव्हा पिशवी भरली होती. चाकवत, चुका, सासवडचा वाटाणा, आलं, ती दोन लिंबं, आणि तुळशीबागेत घेतलेलं एक पितळी उलथनं, आईच्या पणतीच्या भातुकलीसाठी. जिन्याशी आई थांबली नाही. समोर बघत पाऊल टाकलं आणि खाली गेली.

गाडीत जागा मिळाली. दारं बंद झाली, काच काळी झाली. आईने या वेळी माझं मनगट धरलं नाही. ती छताकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आता बेलबाग असेल वर." थोड्या वेळाने, "आता दगडूशेठ." मी गप्प राहिले. बोगदा नेमका कुठल्या घराखालून जातो हे मला सांगता आलं नसतं, आणि तिला विचारायचंही नव्हतं. कसबा पेठ आलं. माणसं चढली, उतरली. "जोगेश्वरी मागे राहिली," ती म्हणाली. "शनिवारवाडा या अंगाला." तिचा हात हवेत डावीकडे-उजवीकडे जागा लावत होता, देव्हाऱ्यात मूर्ती मांडाव्यात तसा. समोर बसलेला एक कॉलेजचा मुलगा कानातली वायर काढून ऐकायला लागला.

"आता नदी," आई म्हणाली आणि क्षणभर काहीच बोलली नाही. डोक्यावरून मुठा जात होती. मग जिल्हा न्यायालयाचं, म्हणजे त्या सिव्हिल कोर्टाचंच, स्थानक, तेहतीस मीटर खोल, तरी वरून उन्हाचा पट्टा थेट खाली फलाटावर उतरलेला. मग शिवाजीनगर. त्याच्या पुढे गाडी चढाला लागली, काचेत एकदम ऊन भरलं, झाडं दिसली, आणि आईने मोजणं थांबवलं. पिशवीचं तोंड उघडून तिने चाकवताची एक जुडी बाहेर काढली, मांडीवर पदर पसरला आणि निवडायला लागली.